दारावरचा माणूस
(ऐरोली येथील तरुणांच्या बैठकीतील भाषण)



मी दोन वर्षं इथल्याच एका बारच्या दारावर उभा होतो. काळा टी-शर्ट, पाठीवर 'बाउन्सर'. पगार रोख, हजेरीपुस्तकात नाव नाही. तालमीत कमावलेलं अंग हीच माझी डिग्री.

पहिल्याच दिवशी मॅनेजरने शिकवलं, "चप्पल बघ, बोली ऐक. आपल्यातला वाटला नाही तर टेबल नाही म्हणून सांग." टेबलं रिकामी पडलेली असायची. एकदा चिंचपाड्याची चार पोरं आली. मी हात आडवा केला. त्यातला एक म्हणाला, "दादा, सहा डिसेंबरला दादरला आपण एकाच डब्यात होतो ना?" मी खाली बघितलं. हात तसाच.

घटनेचं 15वं कलम सांगतं, हॉटेलात, करमणुकीच्या जागी जातीवरून कुणाला अडवायचं नाही. 1955च्या कायद्यात त्याला शिक्षाही आहे. पण दारावर जात कोण विचारतो? चप्पल विचारतात. वर पाटी, 'प्रवेशाचा हक्क राखीव'. आमच्या राखीव जागांनी ज्यांचं पोट दुखतं, त्यांना ही राखीव जागा कधी खुपली नाही!

आता कायद्याचं बघू. 1981 साली महाराष्ट्रात सुरक्षा रक्षकांचा कायदा झाला, माथाडींच्या 1969च्या कायद्याच्या वळणाचा. मंडळात नोंदणी, मंडळामार्फत पगार, फंड. 2005चा केंद्राचा कायदा एजन्सीला परवाना लावतो, रक्षकाला ट्रेनिंग आणि पोलीस तपासणी लावतो. विनापरवाना एजन्सी चालवली तर वर्षापर्यंत कैद किंवा 25,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठीक. पण दोन्हींची नजर एजन्सीवर. 1981च्या व्याख्येतून मालकाचा थेट, नियमित नोकर वगळलाय. मग मालकाने एजन्सीला फाटा देऊन नाक्यावरून उचललेला माझ्यासारखा गडी कुठे बसतो? कुठेच नाही.

ब्रिटनमध्ये 2001च्या कायद्याने बारच्या दारावरच्या माणसाला स्वतःचा परवाना लागतो, मालकाने थेट ठेवला असला तरी. बिल्ला दिसेल असा लावायचा. ज्याला ढकललं तो नंबर वाचून तक्रार करू शकतो. मला हे पटतं. माझ्या छातीवर नंबर असता तर त्या पोरांना मी तसं अडवलं नसतं, निदान कारण तरी सांगावं लागलं असतं.

पण नुसता बिल्ला नको. पोलीस तपासणी म्हटली की मोर्चात केस झालेली आपली पोरं पहिल्यांदा बाहेर. म्हणून आंदोलनातल्या केसेस तपासणीतून वगळा, आणि बिल्ल्याबरोबर मंडळाची नोंदणीही द्या. थेट ठेवलेल्यालासुद्धा.

का म्हणतो, ऐका. एका रात्री भांडणात माझ्या डोक्यात बाटली फुटली. सात टाके. पोलीस आले तेव्हा मॅनेजर म्हणाला, "हा आमचा माणूस नाही. गिऱ्हाईक असेल."

इथे बसलेल्यांत दारावर उभे राहणारे आठ-दहा तरी असतील. हात वर करू नका, मालकाची माणसं कुठेही असतात. उठताना नाव आणि बारचा पत्ता माझ्याकडे चिठ्ठीवर द्या. अर्ज लिहायला मी बसतो.