व्हिडिओची जुळणी करतांना



पैनगंगेच्या कांठीं वसलेलें मेहकर आपणांपैकीं अनेकांस शार्ङ्गधर बालाजीमुळें ठाऊक असेल. १८८८ सालीं भूमींतून निघालेल्या त्या भव्य मूर्तीच्या दर्शनास मीही जातों. परंतु आज सांगावयाची आहे ती त्याच गांवांतील एका घरची हकीकत. माझी वृद्ध आत्या तेथें राहत असे. जात्यावरच्या कितीतरी ओव्या तिला मुखोद्गत होत्या. तिच्या नातवानें एका पावसाळी दुपारीं तिला ओसरीवर बसवून मोबाईलवर तासाभराचें चित्रण केलें. पुढें चार महिन्यांनीं आत्या निवर्तली. वर्षश्राद्धास जमणाऱ्या नातलगांना तें चित्रण दाखवावें म्हणून नातू संगणकावर त्याची जुळणी करूं लागला, आणि अडचणींची मालिकाच सुरू झाली. "काका, सॉफ्टवेअर बिघडलंय, तुम्ही या," असा त्याचा फोन आला. मी जाऊन पाहिलें, तों सॉफ्टवेअर बिघडलें नव्हतें.

पहिली अडचण अशी, कीं काम उघडतांच चित्राच्या जागीं तांबडा पडदा दिसे व फाईल सांपडत नाहीं अशी सूचना येई. मोबाईलवरील मूळ चित्रण त्यानें पुसून टाकलें होतें. तेव्हां त्याच्या काळजांत धस्स झालें असल्यास नवल नाहीं. परंतु असें सॉफ्टवेअर सहसा चित्रण आपल्या पोटांत घेत नाहीं. तें केवळ टांचण ठेवतें. अमुक फाईलींतील अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंतचा तुकडा घ्यावा, त्यापुढें तमुक जोडावा, एवढेंच त्यांत असतें. फिल्मवर एकदां कात्री चालली कीं चालली; येथील कात्री मूळ फाईलीस शिवतही नाहीं. मात्र फाईलीचें नांव बदललें, ती दुसऱ्या फोल्डरमध्यें हलविली, अथवा ती ज्या पेन ड्राईव्हवर आहे तो काढून घेतला, कीं टांचणांतील पत्ता खोटा ठरतो. नातवाचा पेन ड्राईव्ह कपाटांत होता. तो लावून फाईलीचा नवा पत्ता दाखवितांच आत्या पुन्हां पडद्यावर आली. म्हणून कामास आरंभ करण्यापूर्वींच सर्व फाईली एका फोल्डरांत ठेवाव्या व मग त्यांस हलवूं नये.

दुसरी अडचण अधिक दुःखदायक होती. आरंभीं ओठ व आवाज जुळत. शेवटाकडे ओवी संपली तरी ओठ हालतच राहत. याचें मर्म कळण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ मध्यें 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हां कॅमेरा हातानें फिरवावा लागे. वेग थोडा कमीअधिक झाला तरी डोळा क्षमा करी. पुढें चित्रपट बोलूं लागला. १९३२ मध्यें 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला. कान मात्र क्षमा करीत नाहीं, म्हणून बोलपटासाठीं सेकंदास २४ चित्रें हा वेग कायम ठरला. आजच्या मोबाईलनें जुनी अनियमितता पुन्हां आणली आहे. सेकंदास ३० चित्रें घेण्याचें ठरवूनही अंधुक उजेडांत तो कमी घेतो. ओसरीवरची ती पावसाळी दुपार येथें आड आली. सॉफ्टवेअर चित्रें सारख्या अंतरानें मोजूं पाहतें आणि हिशेब चुकत जातो.

येथें परीक्षा सोपी आहे. अंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखेंच असेल, तर आवाज तितकाच मागेंपुढें सरकवावा. अंतर वाढत जात असेल, तर दोष वेगाचा समजावा. ३० ऐवजीं २९.९७ असा नाममात्र फरक असला, तरी तासाभरांत ३.६ सेकंदांची तफावत पडते. उपाय असा, कीं हँडब्रेकसारख्या मोफत साधनानें फाईल प्रथम कायम वेगाची करून घ्यावी व मगच जुळणीस बसावें. आम्हीं तसें केलें आणि ओवी ओठांवर परत आली.

तिसरी अडचण चित्र अडखळण्याची. नवे मोबाईल जागा वांचविण्यासाठीं एक चित्र पूर्ण ठेवतात व पुढील बहुतेक चित्रांचा केवळ फरक टिपून ठेवतात. प्रत्येक क्षणीं तें चित्र नव्यानें उभें करतांना जुना संगणक धापा टाकतो. अशा वेळीं सॉफ्टवेअरकडून 'प्रॉक्सी', म्हणजे हलक्या प्रती, करवून त्यांवर काम करावें. अखेरचें चित्र मूळ फाईलींतूनच निघतें.

चौथी अडचण, तयार व्हिडिओ बाहेर काढतांना काम मध्येंच थांबण्याची. प्रथम डिस्कवर जागा उरली आहे काय तें पाहावें. पेन ड्राईव्ह 'फॅट ३२' पद्धतीचा असल्यास ४ जीबीहून मोठी फाईल त्यावर मावतच नाहीं, मग तो रिकामा कां असेना. एवढ्यानें भागलें नाहीं, तर व्हिडिओचा अर्धा भाग काढून पाहावा. तो निघाला, तर दोष दुसऱ्या अर्ध्यांत आहे. त्याचेही दोन भाग करावे. असें चारपांच वेळां केलें कीं दोषी तुकडा हातीं लागतो.

या साऱ्यांतून एक नियम निघतो : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. घाबरून एकदम दहा बटणें दाबणारा, दोष गेला तरी तो कशानें गेला हें सांगूं शकत नाहीं. आणि दुसरा नियम याहून मोठा. जुळणी बिघडली तर पुन्हां करतां येते, मूळ चित्रण गेलें तर तें परत करतां येत नाहीं. नातवाचा पेन ड्राईव्ह हरवला असता, तर जगांतील कोणतेंही सॉफ्टवेअर आत्याचा आवाज परत देऊं शकलें नसतें. म्हणून मूळ फाईलीच्या दोन प्रती ठेवाव्या, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरीं असावी.

वर्षश्राद्धाच्या दिवशीं मेहकरच्या त्या घरीं सर्वांनीं ओव्या ऐकल्या. त्यांची एक प्रत आतां माझ्या कपाटांत आहे. आपल्याही घरीं असा एखादा आवाज असेल, तर त्याची दुसरी प्रत आजच करून ठेवावी, एवढी विनंती करून आपली रजा घेतों.