चूल एक, कुटुंब कुणाचं?

गटात कुठलाही अर्ज भरायला घेतला की एक रकाना येतोच, ‘कुटुंबातील व्यक्ती’. आणि तिथंच पेन अडतं. सासू-सासरे, दीर-जाऊ सगळे एका वाड्यात. मग माणसं किती लिहायची?

आपल्याकडे याचं उत्तर चूल देते. “त्यांची चूल वेगळी झाली” म्हटलं की गावाला सगळं कळतं. इरावती कर्वे यांनीही एकत्र कुटुंबाची ओळख सांगताना एक छप्पर, एका चुलीवरचं अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक देवपूजा आणि नातं हेच धरलं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं नात्याला जोड दिली ती एकत्र राहण्याची आणि एकत्र जेवण्याची, किंवा एकाच रेशनकार्डाची. हमीचे १०० दिवस माणशी नव्हते, कुटुंबामागे होते. तीन भाऊ एका चुलीवर जेवत असतील तर तिघांत मिळून १००, चुली वेगळ्या असतील तर प्रत्येकाला १००. आता सांगा, एकत्र राहणाऱ्याचा तोटाच की नाही?

पण चुलीशी बसणारी बाई मात्र या हिशेबात हलती असते. लग्न झालं की माहेरच्या कार्डातून नाव कमी, सासरच्या कार्डात दाखल. आमच्या गटातल्या एक ताई नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी आल्या. सासरचे नाव कमी करून देईनात, आणि ते झाल्याशिवाय इथं नाव चढेना. धान्य तिकडं, ताई इकडं. दोन वर्षं त्या कुठल्याच कुटुंबात नव्हत्या!

मुलीला घरातलं न धरण्याची रीत सगळीकडे नाही हं. मेघालयात खासी समाजात मुलं आईचं कूळ लावतात आणि घर राहतं धाकट्या मुलीकडे.

आपल्याकडेही कायदा सरकला. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखं सहहिस्सेदार केलं, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा देशभर बदलला आणि लग्नाची ती अट गेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत.

तरी हक्कसोडपत्रावर सह्या होतातच. भाऊ तुटेल, माहेर बंद होईल ही भीती खोटी नाही, म्हणून सही करणारीला मी नावं ठेवत नाही. फक्त सही करण्याआधी कागद वाचून घ्या, कुणाकडून तरी वाचवून घ्या. साडी-चोळीवर जमीन देतोय हे निदान माहीत असू द्या.

आणि एक. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख ठरवली ती घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री. पुढच्या बैठकीला येताना कार्ड घेऊन या. पहिलं नाव कुणाचं आहे ते बघू. सासऱ्यांचं असेल, तर तहसीलच्या पुरवठा शाखेत द्यायचा अर्ज तिथंच बसून लिहू.