नावाच्या शेवटची चार अक्षरे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्य, पाककृती अथवा बालसंगोपन यांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. आज मी जरा निराळा विषय घेतला आहे, आणि त्याला कारणही आहे. आपल्या संगणकवर्गात काही भगिनी स्वतःचे वेबपान तयार करावयास शिकत आहेत. कुणाला आपल्या मसाल्यांची माहिती द्यावयाची आहे, कुणाला शिवणवर्गाची. मजकूर नीट लिहून होतो, खुणाही बरोबर पडतात. पण पान उघडावे, तो समोर येते ते कोनी कंसांनी भरलेले कोरडे लिखाण. मग "हे काही आपल्या डोक्याचे काम नव्हे," असे म्हणून बाई उठते आणि पुढच्या आठवड्यापासून येईनाशी होते. अशा दोघीतिघी गळाल्या. त्यांच्या डोक्यात काहीही उणे नव्हते. अडले होते ते फाइलच्या नावापाशी.

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. तिचे पान म्हणजे साधा लिहिलेला मजकूरच असतो. कोठे मथळा, कोठे परिच्छेद, कोठे चित्र, हे सांगणाऱ्या खुणा त्यात घातलेल्या असतात, इतकेच. म्हणून ते साध्या नोटपॅडमध्येही लिहिता येते. परंतु हा मजकूर वेबपान म्हणून उघडावयाचा की नुसते टिपण म्हणून, हे संगणकाने कसे ओळखावे? विंडोजचा संगणक ते फाइलच्या आडनावावरून ओळखतो. नावातील शेवटच्या टिंबानंतर जी अक्षरे येतात, तेच आडनाव. त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. एचटीएमएल असले की ब्राउझर उघडतो, टीएक्सटी असले की नोटपॅड उघडते.

आता घोटाळा कसा होतो तो पाहा. नोटपॅडमध्ये फाइल ठेवताना प्रकार म्हणून 'टेक्स्ट डॉक्युमेंट' आधीच निवडलेला असतो. आपण 'इंडेक्स.एचटीएमएल' असे नाव घालतो, आणि कित्येकदा त्यापुढे टीएक्सटी जोडले जाते. नाव होते 'इंडेक्स.एचटीएमएल.टीएक्सटी'. शेवटचे आडनाव खरे, म्हणून ते टिपण ठरते. असे पान ओढून ब्राउझरमध्ये टाकले तरी खुणांसकट मजकूर जसाच्या तसा दिसतो. त्यातून विंडोज ओळखीची आडनावे मुळातच झाकून ठेवते. बाईला दिसते 'इंडेक्स.एचटीएमएल', आणि बिचारी म्हणते, नाव तर बरोबर आहे!

उपाय दोन मिनिटांचा आहे. विंडोज ११ मध्ये फाइलींची खिडकी उघडून 'व्ह्यू', मग 'शो', आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' यावर खूण करावी. विंडोज १० मध्ये ही खूण 'व्ह्यू'खालीच सापडते. झाकलेली आडनावे लगेच दिसू लागतात. मग नाव बदलून शेवटचे टीएक्सटी काढून टाकावे. नवी फाइल ठेवताना प्रकारात 'ऑल फाइल्स' निवडावे, म्हणजे पुढे हा प्रश्न उरत नाही.

मात्र लग्नानंतर आडनाव बदलले म्हणून बाई बदलत नाही, तसेच येथेही आहे. वर्डमध्ये लिहिलेल्या डॉकएक्स फाइलला एचटीएमएल हे आडनाव लावले, तर आत वर्डचाच बांधलेला गठ्ठा राहतो आणि ब्राउझरला त्याचा बोध होत नाही. मॅकवरील टेक्स्टएडिटमध्येही आधी 'मेक प्लेन टेक्स्ट' करूनच लिहावे.

काही पानांमागे एचटीएम अशी तीनच अक्षरे दिसतात. जुन्या डॉस पद्धतीत नावाला आठ आणि आडनावाला तीन अक्षरांचीच मुभा होती, तिचा हा अवशेष. दोन्ही चालतात, पण एकदा जे धरले तेच सर्वत्र लिहावे, नाहीतर एका पानावरून दुसऱ्यावर नेणारे दुवे तुटतात. पान घरच्या संगणकावरून सर्व्हरवर गेले की आणखी एक पथ्य पाळावे लागते. पुष्कळ सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि तेथे इंग्रजी मोठे अक्षर व लहान अक्षर निरनिराळे मानले जाते. घरी दिसणारे चित्र तेथे दिसेनासे होते, ते बहुधा यामुळेच. सर्व नावे लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावीत.

ज्यांना वेबपान करावयाचे नाही, त्यांनीही आडनाव वाचण्याची सवय लावून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाने एक उपद्रवी फाइल जगभर फिरली. तिच्या नावात टीएक्सटी दिसे, पण त्यामागे व्हीबीएस हे खरे आडनाव झाकलेले असे. साधे पत्र समजून लोकांनी ती उघडली आणि असंख्य संगणक बिघडले. अलीकडे आपल्याकडे लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइली येतात. एपीके म्हणजे फोनवर बसणारा कार्यक्रम. पत्रिका कधीही त्या आडनावाने येत नाही. तो बसवून घेतला की बँकेतील पैशांवर घाला येऊ शकतो. अशी फाइल उघडू नये, आणि पाठविणाऱ्या ओळखीच्या माणसाला आधी फोन करून विचारावे.

भगिनींनो, यंत्र झाकून ठेवते त्याचा दोष आपल्या बुद्धीकडे घेऊ नये. ज्या मैत्रिणी वर्ग सोडून गेल्या, त्यांच्या घरी आपणच जाऊ या, त्यांच्या फाइलीचे आडनाव दुरुस्त करून देऊ या, आणि त्यांचे पान त्यांच्याच डोळ्यांसमोर उघडून दाखवू या.