खिळा उपटण्याआधी

(शेलूबाजार येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे वक्ते आज पुष्कळ आहेत. माझ्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने अगदीच किरकोळ आहे. ट्यूबलेस टायर रस्त्यात पंक्चर झाला तर करायचं काय, एवढाच. काही मंडळी हसताहेत. हसा, पण बैठक संपल्यावर बाहेर लावलेल्या गाड्या जरा बघून या. ज्यांच्या चाकाला तारा नाहीत, त्यातल्या बहुतेकांच्या टायरात ट्यूब नाही. आणि गाडीच्या डिकीत पंक्चरचं सामान किती जणांकडे आहे, तेही मोजून या. मग हसू.

आपल्या आजोबांच्या गाडीला लाकडी चाक आणि त्यावर लोखंडी धाव होती. वंगण घातलं की काम भागायचं. पंक्चर हा शब्दच घरात नव्हता. मग रबरी चाकाची गाडी आली, सायकल आली, मोटारसायकल आली. पंक्चर काढायला आपण शिकलो. ट्यूब बाहेर ओढायची, घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची, बुडबुडा कुठं येतो ते पाहायचं, घासायचं, सोल्युशन लावायचं, ठिगळ दाबायचं. हे शाळेतल्या पोरालाही येत होतं. ट्यूबलेस आला आणि आपली ही विद्या निकामी झाली. नवी मात्र आपण शिकलो नाही. दुकानदाराने शंभर-दीडशे रुपये घेतले, पाच मिनिटांत काम केलं, आपण बाजूला उभं राहून चहा प्यालो. दुकान जवळ असेल तोवर हे ठीक आहे. दुकान नसेल तेव्हा काय?

त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळालं आहे. २९ डिसेंबर २०२४ ची रात्र. आपल्या उशाशी जो समृद्धी महामार्ग आहे, त्याच्यावर मालेगाव ते वनोजा टोलनाका या टप्प्यात रात्री दहाच्या सुमारास लोखंडी पत्रा रस्त्यावर पडलेला होता. त्यावरून गाड्या गेल्या आणि पन्नासहून अधिक गाड्या पंक्चर झाल्या. त्यात मोटारी होत्या, मालाची वाहनं होती. डिसेंबरची थंडी, दोन्ही बाजूला कुंपण, गाव दिसतं पण तिथं जाता येत नाही. बायकापोरांसह माणसं रस्त्यावर खोळंबली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ याच रस्त्यावर भेगा बुजवायला अॅल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या होत्या. त्या रस्त्याबाहेर डोकं काढून उभ्या राहिल्या आणि रात्री काही गाड्यांची चाकं गेली. रस्ता सिमेंटचा असो की पांदीचा, टोचणारं काही ना काही निघतंच. पांदीत बाभळीचा काटा आणि बैलाच्या पत्रीचा खिळा, वावरात पऱ्हाटीची खुंटं आणि ज्वारीची धसकटं, मोठ्या रस्त्यावर पत्रा.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमात बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं सामान दिलेलं असेल, तर तिला स्टेपनी देण्याची सक्ती उरलेली नाही. म्हणजे पोराने नवी गाडी घेतली, मागचं झाकण उघडलं, तर खाली स्टेपनीऐवजी एक बाटली आणि एक छोटा पंप निघू शकतो. गाडी घरी आणल्या दिवशीच हे उघडून बघा. रात्री बारा वाजता कळून उपयोग नाही.

आता हा टायर चालतो कसा ते थोडक्यात सांगतो. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीच्या फ्रँक हर्झेग या माणसाने याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९५२ मध्ये ते मिळालं. युक्ती साधी आहे. टायरच्या आतल्या अंगाला हवा न सोडणाऱ्या रबराचा एक थर असतो आणि टायरच्या दोन्ही कडा रिमवर घट्ट बसतात. टायर आणि रिम मिळूनच हवेचं भांडं होतं. ट्यूब फुटली की हवा क्षणात जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला की रबर खिळ्यालाच आवळून धरतं आणि हवा हळूहळू जाते. म्हणजे ज्याने भोक पाडलं तोच खिळा बूच होऊन बसलेला असतो.

म्हणून पहिला नियम असा, की हातात दुरुस्तीचं सामान असल्याशिवाय खिळा उपटायचा नाही. हा नियम मी पुस्तकातून शिकलो नाही, पैसे मोजून शिकलो. २०२४-२५ च्या हंगामात भाड्याच्या पिकअपमध्ये कापूस भरून निघालो. मागच्या चाकात खिळा दिसला. हवा थोडीच उतरली होती. मी मोठ्या हुशारीने पक्कडीने खिळा ओढून काढला. फुस्स झालं आणि पाच मिनिटांत चाक रिमवर बसलं. स्टेपनी आधीच पंक्चर होती. दोन कोस पुढे दुकान आहे, हळूहळू जाऊ, असं मीच चालवणाऱ्याला म्हणालो. दुकानदाराने टायर उतरवला तर आत काळी भुकटी. भरल्या वजनाखाली टायरची बाजू रिमखाली दळून निघाली होती. टायर गेला. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. एका क्विंटलचा कापूस त्या एका चाकात गेला. खिळा तसाच ठेवून हवा भरली असती, तर शंभर-दीडशे रुपयांत काम होतं.

तर उपाय किती आणि कोणता केव्हा, ते आता ओळीने पाहू.

पहिला उपाय हवा भरून चालणं. खिळा आत असेल आणि हवा सावकाश जात असेल, तर पायपंपाने हवा भरा आणि हळू जा. दर दोन-तीन किलोमीटरवर उतरून चाक बघा. खर्च काही नाही. पण हवा भरताक्षणी उतरत असेल तर हा उपाय सोडून द्या. रिकाम्या चाकावर ओढत न्याल, तर माझं झालं तेच तुमचं होईल.

दुसरा उपाय चिकट रबरी पट्टी, पंक्चरवाले जिला स्ट्रिप म्हणतात ती. हिचं सामान दोन-चारशे रुपयांत मिळतं. त्यात दोन दाभणं असतात, एक कानशीसारखं खरखरीत आणि दुसरं फुटक्या नेढ्याचं. सोबत पट्ट्या आणि सोल्युशनची नळी. आधी खिळा कुठं आहे तिथं खूण करा आणि तो कोणत्या दिशेने शिरला ते बघा. खिळा काढा. खरखरीत दाभण त्याच दिशेने भोकात घालून चार-सहा वेळा आत-बाहेर करा, म्हणजे भोक साफ होतं. पट्टी दुसऱ्या दाभणाच्या नेढ्यात मधोमध ओवा, सोल्युशन लावा आणि जोर लावून आत ढकला. दोन्ही टोकं बोटाच्या अर्ध्या पेराएवढी बाहेर राहिली की थांबा. मग दाभण न पिळता सरळ झटक्याने बाहेर ओढा. पट्टी आत राहते. बाहेरची शेपटी थोडी ठेवून कापा, हवा भरा, साबणाचं पाणी नाहीतर थुंकी लावून बुडबुडा बघा. चाक खोलावं लागत नाही, हा हिचा मोठा गुण. सवय झाली की दहा मिनिटांचं काम आहे.

हिच्या मर्यादाही ऐका. भोक टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागातच हवं आणि सहा मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीपेक्षा, मोठं नको. टायरच्या बाजूच्या भिंतीत पट्टी कधीही मारू नका. ती भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि पट्टी ओकून टाकते. पत्र्याने चिरलेला टायरही पट्टीने सांधत नाही. २९ डिसेंबरला ज्यांचे टायर चिरले असतील, त्यांना पट्टीचा उपयोग नव्हता. एका भोकात दोन पट्ट्या घालूनही हवा राहत नसेल, तर भोक पट्टीच्या आवाक्यातलं नाही असं समजा.

तिसरा उपाय बाटलीतला औषधी द्रव. व्हॉल्व्हमधून आत सोडायचा, हवा भरायची आणि लगेच गाडी थोडी चालवायची, म्हणजे तो आत फिरून भोकात जाऊन बसतो. हात काळे होत नाहीत, जोर लागत नाही. पाऊस असो, अंधार असो, म्हातारं माणूस असो, जमतं. मोटारसायकलमध्ये असा घट्ट द्रव आधीच भरून ठेवतात. बाभळीच्या काट्याला तो चांगला पुरतो. पण मोठ्या भोकाला तो पुरत नाही आणि बाजू फाटली तर सगळा रस्त्यावर सांडतो. बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती वाचा. शिवाय नंतर आतून ठिगळ मारायचं तर दुकानदाराला आधी सगळा चिकटा धुवावा लागतो. तो वैतागतो, त्याला आधीच सांगून टाका की आत औषध आहे.

चौथा उपाय स्टेपनी. बाजू फाटली, टायर चिरला, भोक मोठं आहे, तर चारचाकीला हाच खरा उपाय. पण स्टेपनीत हवा पाहिजे. महिन्यातून एकदा बघा. जॅक काळ्या मातीत लावायचा तर खाली फळी किंवा सपाट दगड ठेवा, नाहीतर गाडीऐवजी जॅकच खाली जातो. बोल्ट गाडी उचलण्याआधी सैल करा आणि आवळताना समोरासमोरचे आवळा. भरलेली गाडी जमेल तेवढी रिकामी करा. मोठ्या रस्त्यावर गाडी डाव्या कडेला नेऊन माणसं आधी लोखंडी कठड्यापलीकडे उभी करा, मागे लांबवर त्रिकोण ठेवा. रहदारीच्या अंगाचं चाक असेल तर बदलायला बसूच नका, ११२ ला फोन करा. टायर विकत मिळतो.

पाचवा, आपल्या गावचा आवडता उपाय म्हणजे ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकणं. रिमची कड वाकली आणि तिथून हवा जायला लागली तर मोटारसायकलला चार दिवस हा चालतो. पण आतला काटा काढल्याशिवाय ट्यूब टाकली, तर संध्याकाळी तीही जाते. आणि ट्यूब पडली की ट्यूबलेसचा फायदा संपला. पुढचं पंक्चर हवा एकदम सोडतं. भरधाव असताना पुढच्या चाकाची हवा एकदम जाणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात घडलं त्याला विचारा.

काही गोष्टी मात्र करायच्याच नाहीत. भोकात लाकडाची खुंटी किंवा स्क्रू ठोकायचा नाही. टायरच्या कडा रिमवरून सुटल्या तर पेट्रोल शिंपडून काडी लावायची नाही. हा जादूचा खेळ दाखवणारे उस्ताद असतात. टायर बसतो की उस्ताद भाजतो, हे त्यालाही आधी ठाऊक नसतं. सुटलेल्या कडा पायपंपाने बसत नाहीत, त्याला दुकानातला कॉम्प्रेसरच लागतो. म्हणूनच हवा पूर्ण जाण्याआधी थांबा, असं मी पुन्हा पुन्हा सांगतो आहे.

मग यातलं चांगलं कोणतं? भावांनो, बियाणं चांगलं कोणतं असं विचारल्यावर आपण म्हणतो, आधी जमीन दाखव. तसंच इथं आधी भोक दाखव. नक्षीत आणि लहान असेल तर पट्टी. हाताला जोर नसेल, अंधार असेल, तर औषध. बाजूला किंवा मोठं असेल तर स्टेपनी. मोटारसायकलची बाजू फाटली असेल तर ती दुसऱ्या गाडीत घालून आणा, चालवू नका. आणि काहीच जवळ नसेल तर खिळा आहे तसा राहू द्या.

शेवटचं आणि महत्त्वाचं. यातला कोणताही उपाय म्हणजे दुरुस्ती नव्हे. घरी किंवा दुकानापर्यंत पोचण्याची ती सोय आहे. पक्की दुरुस्ती टायर उतरवून आतून होते. भूछत्रासारखं ठिगळ असतं, त्याचा देठ भोकात जातो आणि टोपी आतून चिकटते. तोवर भरधाव जाऊ नका. भरलेल्या गाडीला ताशी पन्नासच्या वर नको. पट्टी मारली, हवा राहिली, की आपण विसरतो आणि वर्षभर त्याच पट्टीवर बाजार करतो. भोकातून पाणी आत जातं, आतल्या पोलादी तारा गंजतात आणि टायर उन्हाळ्यात, भर वजनात जातो. आणि झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला काहीच करू नका. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही तो बाद आहे.

जाताना एक काम देतो. गावात कुणाकडे तरी मोडीतला ट्यूबलेस टायर पडलेला असतो. येत्या रविवारी तो पारावर आणा. त्यात खिळा ठोका आणि प्रत्येकाने एकदा पट्टी मारून बघा, पोरींनी आणि सुनांनीसुद्धा. कॉलेजला स्कूटीवर त्याच जातात आणि रात्री दवाखान्याची वेळ आली तर गाडी कोण चालवेल याचा नेम नसतो. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, हात काळे होतील. पाराच्या सावलीत काळे झालेले बरे.

कापूस वेचायच्या आधी धोकटी शिवून ठेवता ना? तसंच हंगामाआधी गाडीत दाभण, पट्ट्या, पंप आणि बॅटरी ठेवा. एवढं बोलून मी माझे चार शब्द संपवतो.