गिनीपिगला लंघन मानवत नाही



पोट बिघडलं की एक वेळचं जेवण टाळावं, ही आपल्या घराघरांतली जुनी रीत. लंघनानं पोटाला विश्रांती मिळते असं आपण मानतो आणि माणसाच्या बाबतीत ते पुष्कळदा खरंही ठरतं. धडधाकट कुत्र्यानं एक दिवस जेवणाकडे पाठ फिरवली, तर मीही मालकांना सांगतो, की आजचा दिवस वाट पाहू. पण आज ज्या प्राण्याबद्दल मला बोलायचं आहे, त्याला हा नियम लावला तर तो हातचा जातो. हा प्राणी म्हणजे गिनीपिग.

मी पशुवैद्य आहे. पूर्वी माझ्याकडे कुत्री, मांजरं आणि क्वचित एखादा पोपट येई. आता फ्लॅटमध्ये राहणारी अनेक कुटुंबं ससे आणि गिनीपिगही घेऊन येतात. जागा कमी लागते, भुंकणं नाही, मुलांना सहसा चावत नाही, म्हणून आईवडील हौसेनं आणून देतात. दवाखान्यात त्यांचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : ‘डॉक्टर, हा खात नाहीये.’ मी विचारतो, ‘कधीपासून?’ त्यावर ‘दोन-तीन दिवस झाले’ असं उत्तर आलं, की माझ्याच पोटात गोळा येतो.

असं का, ते समजून घेऊ. गिनीपिगचं मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या प्रदेशात. तिथले लोक हजारो वर्षांपासून तो मांसासाठी पाळत आले आहेत. त्याचं खरं अन्न म्हणजे गवत. गाय-म्हैस खाल्लेलं गवत पोटाच्या पुढच्या भागात आंबवते आणि रवंथ करते. गिनीपिगमध्ये हे आंबवण्याचं काम मागे, लहान आणि मोठं आतडं जिथं जुळतं, तिथल्या एका मोठ्या पिशवीत चालतं. तिथं असंख्य उपयोगी जिवाणू राहतात. पुढून धागेदार चारा येत राहिला, की आतडं हलतं राहतं. चारा थांबला, की हालचाल मंदावते, आतला ऐवज सुकतो, घातक जिवाणू माजतात, वायू धरतो आणि पोट दुखू लागतं. पोट दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून पोट आणखी दुखतं. त्यात उपाशी शरीर स्वतःची चरबी वापरायला काढतं आणि तिचा भार यकृतावर पडतो. गिनीपिगला उलटीही करता येत नाही. शस्त्रक्रियेआधी कुत्र्याला आम्ही उपाशी ठेवतो, तसं लांबलचक उपाशी याला ठेवत नाही, ते याचसाठी.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गिनीपिगनं बारा तास काही खाल्लं नाही, किंवा लेंड्या बंद झाल्या, अगदी बारीक पडू लागल्या, तर तो प्राणी आजारी आहे. उद्या बघू, असं म्हणायला तिथं वाव नाही.

आता ‘खात नाही’ हा काही एक रोग नव्हे. त्यामागं दहा कारणं असतात. ती ओळखायला तो कसा खात नाही, हे बघावं लागतं. मागे सातवीतली एक मुलगी आजीबरोबर आपला गिनीपिग घेऊन आली. आजी म्हणाल्या, ‘अहो डॉक्टर, पोट धरलं असेल त्याचं. मी हिला म्हटलं, एक दिवस काही देऊ नकोस, आपसूक भूक लागेल.’ मुलगी हळूच म्हणाली, ‘काका, त्याला भूक आहे. तो मिरचीपाशी धावत येतो, तुकडा तोंडात घेतो आणि टाकून देतो. हनुवटी सारखी ओली असते त्याची.’ त्या मुलीनं अर्धं निदान करून आणलं होतं. खाण्याजवळ येतो पण खाता येत नाही, तोंडातून लाळ गळते, याचा अर्थ बहुधा दुखणं दातांचं. याउलट कोपऱ्यात अंग फुगवून बसलाय, खाण्याकडे बघतही नाही, दात करकर वाजवतो, तर वेदना बहुधा पोटात किंवा शरीरात दुसरीकडे कुठं तरी असते.

गिनीपिगचे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे चार आपल्याला दिसतात, दाढा दिसत नाहीत. गवत चावताना दाढा एकमेकींवर घासून झिजतात. गवताऐवजी पाव, बिस्किटं, दाणे आणि पॅकेटमधल्या गोळ्या यांवरच प्राणी वाढवला, तर ही झीज पुरेशी होत नाही. मग खालच्या दाढा आत झुकतात आणि जिभेवर कमानीसारख्या येतात. त्या मुलीच्या गिनीपिगचं असंच झालं होतं. त्याचं वजन ६४० ग्रॅमवर आलं होतं. भूल देऊन दाढा घासल्या. त्यानंतरचे आठ दिवस त्याला हातानं भरवायचं होतं. रात्रीचा गजर लावून ते काम कोणी केलं असेल? आजींनी! दोन महिन्यांत तो ८०० ग्रॅमवर आला. पुढेही त्याच्या दाढा अधूनमधून तपासाव्या लागल्या, कारण एकदा वाकलेली दाढ पुन्हा सरळ वाढेलच असं नसतं.

दुसरं मोठं कारण म्हणजे क जीवनसत्त्व. बहुतेक प्राणी ते आपल्या शरीरात तयार करतात. माणूस आणि गिनीपिग यांना मात्र ते अन्नातूनच मिळवावं लागतं. १९०७ साली नॉर्वेतल्या अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिश या दोघांनी गिनीपिगला नुसत्या धान्यावर ठेवलं, तेव्हा त्याला खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग झाला. ताजी भाजी आणि लिंबाचा रस दिला, की तो टळे. क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट अशी या प्राण्यावरून गेली. आज आपल्या घरातल्या गिनीपिगला तोच रोग होताना मी पाहतो. भूक मंदावते, केस राठ होतात, सांधे सुजतात, उचलून घेतलं की तो ओरडतो. त्याला दर किलो वजनामागं रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. रोज ढोबळी मिरचीची एक फोड, कोथिंबिरीच्या चार काड्या, कधी पेरूचा छोटा तुकडा, एवढ्यानं बरंच काम भागतं. पाण्यात थेंब टाकण्यावर विसंबू नका. पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर नष्ट होतं आणि चव बदलल्यानं प्राणी पाणीही कमी पितो.

याशिवाय सर्दी-न्यूमोनिया, मूतखडा, गाभण मादीचे विकार, अशी कारणं असतात. आपल्याकडे उन्हाळाही आहे. थंड डोंगराळ मुलखातून आलेल्या या प्राण्याला तिशीच्या वरचं तापमान सोसत नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या गॅलरीत पिंजरा ठेवून ‘खात नाही’ म्हणण्यात काय अर्थ?

आता तुम्ही विचाराल, रात्री दहा वाजता हे लक्षात आलं, तर काय करायचं? आधी डॉक्टरांना फोन करा. तोवर त्याला शांत, हवेशीर जागी ठेवा. पोट हातानं हलकेच चाचपा. ते ढोलकीसारखं ताणलेलं असेल, तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. पोट मऊ असेल, तर त्याच्या नेहमीच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी करा. सुई काढलेल्या सिरिंजनं, तोंडाच्या कडेनं, पुढच्या दातांच्या मागं अर्धा-अर्धा मिलिलिटर द्या. तो चावतो, गिळतो, हे बघून मगच पुढचा घास. उताणा धरून कधीही भरवू नका, लापशी फुप्फुसात जाते. दूध देऊ नका. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्या. यानं रोग बरा होत नाही, फक्त आतडं चालू राहतं आणि डॉक्टरांना वेळ मिळतो.

आणखी एक कळकळीची विनंती. घरात उरलेलं मुलांचं अँटिबायोटिक त्याला पाजू नका. पेनिसिलिनच्या कुळातली आणि आणखी काही औषधं, जी आपल्या मुलांना सर्रास दिली जातात, ती तोंडावाटे दिली तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू वाढतात आणि दोन-चार दिवसांत प्राणी दगावतो. सर्दीसाठी असं सिरप पाजलेला एक गिनीपिग माझ्याकडे आला होता. सर्दी साधी होती, पण सिरपनं त्याचा जीव घेतला. आम्हाला काही करता आलं नाही. देणाऱ्यांनी ते मायेनंच दिलं होतं.

हे सगळं टाळायचं, तर दोन सवयी लावून घ्या. पहिली, पिंजऱ्यात वाळलेलं गवत चोवीस तास हवं. त्याच्या आहाराचा मोठा भाग तोच. बाजारातल्या ताज्या हिरव्या दूर्वाही चालतात, मात्र स्वच्छ धुतलेल्या हव्यात. लसूणघास पिल्लांना ठीक, मोठ्या जनावराला रोज नको, त्यातल्या कॅल्शियममुळे खडे होऊ शकतात. दुसरी सवय, दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करा आणि वहीत लिहा. गिनीपिग हा दुसऱ्यांची शिकार होणारा प्राणी, तो दुखणं शेवटपर्यंत लपवतो. दोन गिनीपिग एकत्र असतील, तर वाटी रिकामी होते, पण ती कोणी रिकामी केली ते कळत नाही. वजनाचा काटा मात्र सांगतो. आठवड्यात ५० ग्रॅम उतरले की सावध व्हा, १०० उतरले तर दवाखाना गाठा.

शेवटी एक प्रश्न उरतो आणि तो मला अनेक वडील, मुलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारतात : ‘डॉक्टर, याच्या किमतीपेक्षा तुमचा खर्च जास्त. दुसरा आणला तर?’ खर्च खरोखरच जास्त असतो, हे मी नाकारत नाही. मी त्यांना एवढंच म्हणतो, की बाहेर बाकावर तुमचं मूल पिंजरा मांडीवर घेऊन बसलंय. दुबळ्या जिवाचं दुखणं आलं की आपलं घर काय करतं, हे ते आज शिकणार आहे. पुढं काय करायचं, ते बहुतेक वडील मग स्वतःच ठरवतात.