पाऊणपटीचा हिशेब

 दिघीत भरलेल्या या परिषदेचा विषय जड आहे. सगळेच कारणांनी बांधलेले असेल, तर माणूस मोकळा कसा आणि दोष द्यायचा कोणाला? हे काथ्याकूट बंदराच्या गावी कशाला, असे कोणाच्या मनात येईलही.

त्याचे उत्तर इथल्या भरतीतच आहे. किनाऱ्यावरचा जुना नाखवा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती; अष्टमीला सहाच्या. चंद्रसूर्याच्या ओढीने पाणी चढते, त्यात पाण्याची मर्जी नाही. होडी मात्र त्या भरतीला काढायची की नाही, हे नाखवा ठरवतो आणि ते हाच हिशेब करून ठरवतो. समुद्र नियमाने चालला नसता, तर त्याला ठरवायला आधारच उरला नसता. म्हणजे नियम हा स्वातंत्र्याचा वैरी नव्हे.

अर्थात नियम वेगळा आणि कपाळावरची रेघ वेगळी. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ज्योतिषांची चाचणी घेतली. २७ ज्योतिषांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून प्रत्येकी ४० पत्रिका तपासल्या. कोणती पत्रिका कोणाची, हे सरासरी ४६ टक्के वेळाच बरोबर आले. छापा-काटा केला असता तरी निकाल बरा लागता!

टिळकांचे कोडे अधिक अवघड. २२ जुलै १९०८ रोजी राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीने दोषी ठरवल्यावर त्यांनी माणसांचे आणि राष्ट्रांचे भवितव्य चालवणाऱ्या वरच्या शक्तींचा हवाला दिला. पक्के दैववादीच वाटावेत. पण मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापून आलेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर अख्खे प्रकरण खर्ची घातले. फळ भोगायला सुरुवात झालेले कर्म टळत नाही, हे मान्य करूनही ते आत्म्याची मोकळीक सोडत नाहीत. त्यांचा आत्म्याचा आधार आज सर्वांना पटेल असे नाही.

तो आधार न घेताही वाट निघते. भारतीय न्याय संहितेचे कलम २२, म्हणजे जुन्या दंडविधानातले ८४, मनोविकारामुळे आपण काय करतो किंवा ते गैर आहे हे कळण्यास असमर्थ असलेल्याला गुन्हेगार मानत नाही. कारणे तर शहाण्याच्या कृत्यालाही असतात. कायदा बघतो ते समज होती की नव्हती एवढेच.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले. वाऱ्यावर कोणी फिर्याद केली नाही. पण अशा वेळी एखादा दुकानदार पत्रे दुप्पट भावाने विकू लागला, तर गाव त्याला जाब विचारणारच. त्याच्या लोभालाही कारणे असतील: कर्ज, सवय, बापाची शिकवण. फरक इतकाच की वाऱ्याला सांगून उपयोग नाही. दुकानदाराला सांगितलेले कळते, आणि कळल्यावर तो भाव उतरवू शकतो. आमच्या स्वागत समितीच्या मते जबाबदारीचे मूळ इथे आहे.

हे मत खोडून काढायला विद्वान समर्थ आहेत. त्यांनी ते जरूर खोडावे. फक्त प्रत्येक सत्रात पहिला प्रश्न गावकऱ्यांना विचारू द्यावा, ही विनंती.