वाचनाची सुरुवात कानापासून



कामगार चळवळीतल्या माणसाने लहानग्यांच्या वाचनावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आम्ही स्वतः हँडबिले आणि दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. येथून जवळच, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेले अण्णाभाऊ साठेही मुंबईच्या पाट्यांवरूनच वाचायला शिकले, असे सांगतात.

"आम्ही अडाणी, पोराला काय शिकवणार?" असे बाया आम्हांला विचारतात आणि कर्ज काढून चार वर्षांच्या पोराला क्लासला घालतात. तिथे ते 'अ' गिरवून कंटाळते. वास्तविक अक्षराच्या आधी आवाज येतो. 'कमळ' या शब्दात क, म, ळ असे तीन तुकडे आहेत, हे कानाला उमगले की मगच अक्षर त्या तुकड्याला चिकटते. आणि कानाची ही तालीम आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिचे नाव भेंड्या! शेवटचा आवाज पकडायचा, त्यावरून नवा शब्द काढायचा. 'ळ'वर गाडी अडली तर 'ल' चालवून घ्यायचा. भाकरी थापताथापता आईला हा खेळ खेळता येतो. तिला सही येत नसली तरी बिघडत नाही.

पुढे अक्षर दाखवावे, तेही ओळखीचे. स्टेशनवरच्या पाटीतला 'मुलुंड'चा 'मु' दाखवा. तोच 'मुलगी'त आहे, 'मुंबई'त आहे. गोष्ट वाचताना ओळीखाली बोट फिरवावे. पोर चित्र पाहून मनचेच 'वाचू' लागले, तर टोकू नये. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम मांडले, तेव्हा गरिबांच्या अंगणातले दगड, शिंपले, पानेच शिक्षणाची साधने केली. महागडी खेळणी त्यांनी मागितली नाहीत.

खरी अडचण निराळीच आहे. शास्त्री मार्गावरचे कितीतरी कारखाने गेले, तिथे टॉवर उठले. त्यांच्या फाटकावर बारा तास उभा राहणारा बाप घरी येतो तेव्हा पोर झोपलेले असते. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. या बापाला आज तीही धड मिळत नाही. अशाला 'रोज पुस्तक वाचून दाखवा' म्हणणे ही थट्टा होय.

म्हणून हल्ली मालकांपुढे आठ तासांची मागणी ठेवताना आम्ही पोराच्या गोष्टीची पंधरा मिनिटेही बोलून दाखवतो. मालक हसतात. बायका मात्र हसत नाहीत. सभेला त्या आता पोरांना घेऊन येतात, आणि भाषणे लांबली की मागच्या रांगेत भेंड्या सुरू होतात.